दोन लॅपटॉपांची पारख

बाजारात एकाच जातीच्या दोन वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीची किंमत कमी, दुसरीची अधिक. अशा वेळी कोणी म्हणतो, "महाग तीच चांगली," तर कोणी म्हणतो, "स्वस्त तीच आपली." हे दोन्ही निर्णय केवळ किमतीच्या चिठ्ठीकडे पाहून केलेले असतात. वस्तूचा खरा गुण तिच्या किमतीवरून नव्हे, तर तिच्या कामावरून ठरतो. ही गोष्ट आपण आजच्या काळातील एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, एका घरी थोरली मुलगी तंत्रनिकेतनात शिकत आहे आणि धाकटा मुलगा सातवीत आहे. मुलीला अभ्यासासाठी लॅपटॉप हवा आहे. त्यावर संगणकावरील खेळही चांगले चालावेत, अशी मुलाची इच्छा आहे. आईवडिलांनी काटकसर करून ८० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानात दोन लॅपटॉप पसंतीस उतरले. पहिल्याची किंमत ७० हजार, दुसऱ्याची ९० हजार. दुसरा घ्यावयाचा, तर १० हजार रुपये कर्जाऊ घेऊन ते हप्त्यांनी फेडावे लागतील. मग कोणता घ्यावा?

याचे उत्तर देण्यापूर्वी खेळ चालतो म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे. पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे भराभर एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे होत. चित्रपटात दर सेकंदाला अशी २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. परंतु ती आधीच काढून ठेवलेली असतात. खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळणारा पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने तयार करावे लागते. खेळ सुरळीत वाटावा, यासाठी सेकंदाला ६० चित्रे मिळाली तर उत्तम समजतात.

आता या कामाचा भार किती, ते मोजू. लॅपटॉपच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे बारीक ठिपके असतात. त्यांस पिक्सेल म्हणतात. यांचा गुणाकार २०,७३,६०० होतो. सेकंदाला ६० चित्रे काढावयाची, तर एका सेकंदात १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर एकटा पुरेशा वेगाने करू शकत नाही. तो निष्णात रांगोळीकारासारखा असतो. अवघड नक्षी तो उत्तम काढील, पण सारे अंगण त्यालाच भरावयास सांगितले, तर दिवस मावळेल. तेथे शेकडो मुले एकदम बसवून प्रत्येकाला एकेक चौकोन भरावयास दिला, तर काम झटपट उरकेल. ग्राफिक्स चिप ही अशा मुलांची फौज होय. एनव्हिडिया कंपनीने २०२३ मध्ये लॅपटॉपसाठी आणलेल्या 'आरटीएक्स ४०५०' या चिपमध्ये असे २,५६० गणक आहेत, तर 'आरटीएक्स ४०६०' मध्ये ३,०७२ आहेत. पहिलीला स्वतःची ६ जीबी स्मृती आहे, दुसरीला ८ जीबी. ही स्मृती म्हणजे काम मांडण्याचा चौरंग. तो लहान पडला की सामान वारंवार खाली ठेवावे व वर घ्यावे लागते आणि खेळ अडखळतो.

आपल्या उदाहरणातील पहिल्या लॅपटॉपात ४०५० आहे व दुसऱ्यात ४०६० आहे, असे समजू. तेव्हा दुसराच सरस, असे कोणालाही वाटेल. पण येथेच सावध राहिले पाहिजे. या दोन्ही चिपा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालतील अशा बनवल्या आहेत. कोणत्या लॅपटॉपात किती वीज द्यावयाची, हे तो बनवणारा ठरवतो. बैल कितीही धिप्पाड असला, तरी वैरण तोकडी पडल्यास तो गाडा ओढणार कसा? १०० वॅटचा जुना दिवा किती तापत असे, ते घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. तेवढी उष्णता दोन बोटे जाडीच्या पेटीतून बाहेर काढावयाची असते. म्हणून दिसावयास सडपातळ असलेल्या यंत्रात चिपला बहुधा कमी वीज देतात. आणि तरीही ती फार तापली, तर स्वतःच आपला वेग कमी करते. अशा रीतीने मोठ्या नावाची चिप लहान नावाच्या चिपच्या बरोबरीस येऊ शकते. सारखी वीज व सारखी हवा मिळाल्यास मात्र ४०६० पुढे राहील, यात शंका नाही.

आपला दुसरा लॅपटॉप असाच पातळ आहे. समजा, दोन्हींवर एकच खेळ एकाच मांडणीने चालवून पाहिला आणि पहिल्याने सेकंदाला ७० चित्रे दिली, दुसऱ्याने ७५. आता हिशेब करा. पहिल्यात एका चित्रामागे १,००० रुपये पडले. दुसऱ्यात वाढलेल्या ५ चित्रांसाठी २० हजार रुपये अधिक मोजावे लागले. म्हणजे वाढीव प्रत्येक चित्र ४,००० रुपयांना पडले! खरेदीत सरासरीपेक्षा हा वाढीचा हिशेब अधिक बोलका असतो.

पडद्याचीही अशीच गोष्ट आहे. २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांचा पडदा अधिक रेखीव दिसतो खरा. पण त्यात ३६,८६,४०० ठिपके असतात, म्हणजे चिपचे काम सुमारे पावणेदोन पट वाढते. तसेच, सेकंदाला १४४ वेळा बदलणारा पडदा घेतला आणि चिप ७० चित्रेच देत असली, तर त्या पडद्याचा पुरता लाभ मिळत नाही.

यानंतर एक महत्त्वाचा प्रश्न विचारावा: यातील कोणता भाग पुढे बदलता येईल? लॅपटॉपातील ग्राफिक्स चिप सामान्यतः पाटावरच झाळलेली असते. ती पुढे बदलता येत नाही. रॅम व साठवणीची एसएसडी मात्र पुष्कळ लॅपटॉपांत वाढवता येते. काहींत रॅमही झाळलेली असते, म्हणून दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे. आपल्या पहिल्या लॅपटॉपात ८ जीबी रॅम असून एक खाचा रिकामा आहे. उरलेल्या १० हजारांतून भाव पाहून तेथे आणखी रॅम बसवता येईल. दोन रॅम जोडीने चालल्या म्हणजे रस्ता रुंद झाल्याप्रमाणे माहितीची ये-जाही सुधारते. जे पुढे बदलता येणार नाही, ते आजच पारखून घ्यावे. जे पुढे वाढवता येईल, ते आज थोडे कमी असले तरी चालेल.

मग दुसरा लॅपटॉप वाईट आहे काय? मुळीच नाही. ज्याला रोज दूरचा प्रवास करावा लागतो, हलके ओझे व रेखीव पडदा हवा आहे आणि जो क्वचितच खेळतो, त्याला तोच सोयीचा होईल. उलट, ज्याला केवळ बुद्धिबळ किंवा जुने साधे खेळ खेळावयाचे आहेत, त्याला वेगळ्या ग्राफिक्स चिपची गरजही नाही. आपल्या उदाहरणातील घराला मात्र पहिलाच योग्य आहे. त्यात मुलीचा अभ्यास होईल, मुलाचा खेळ होईल आणि आईवडिलांच्या माथी कर्जाचा हप्ता येणार नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. याचा अर्थ नेहमी स्वस्तच घ्यावे, असा नव्हे. आपली गरज ओळखावी, वस्तूचे अंतरंग पाहावे, हिशेब मांडावा आणि मगच पैसा हातावेगळा करावा. घरातील पैशामागे कोणाचे तरी श्रम असतात. ते श्रम ओळखून जो मागणी करतो, त्याच्या मागणीला घरात मान मिळतो.

स्वाध्याय

१. चित्रपटातील चित्रे आणि खेळातील चित्रे यांत कोणता फरक आहे?
२. मोठ्या नावाची चिप कधी कधी मागे का पडते?
३. २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांच्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे काढावयाची असल्यास किती ठिपके रंगवावे लागतील?
४. तुमच्या घरी नुकत्याच घेतलेल्या एखाद्या वस्तूची निवड कशी झाली, ते वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.