सही करण्याआधी: लेबल की स्वतंत्र?

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क मुळात गीतकार-संगीतकाराचा. ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ‘मास्टर’चा हक्क ते तयार करणाऱ्या निर्मात्याचा. लेबल, म्हणजे संगीत कंपनी, प्रामुख्याने मास्टर मागते. अनेकदा पहिला हक्कही त्याच कागदात असतो.

• मेजर लेबल: युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर. भारतात टी-सीरिज आणि सारेगामा (जुनी एचएमव्ही) यांचेही मोठे वजन.

• ॲडव्हान्स: बक्षीस नव्हे, उचल. पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. ती फिटेपर्यंत कलाकाराच्या हाती रॉयल्टी सहसा येत नाही.

• स्वतंत्र: मास्टर स्वतःकडे. डिस्ट्रिब्युटर शुल्क किंवा टक्का घेऊन गाणे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर पोहोचवतो. स्टुडिओ, व्हिडिओ, जाहिरातीचा खर्च स्वतःचा.

• मुदत: कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क-हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. (लेबलच्या छापील करारात या जागा सहसा रिकाम्या नसतात.)

• २०१२ची दुरुस्ती: चित्रपटगीताचे हक्क विकले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा सोडून देता येत नाही. बिगरचित्रपट ध्वनिमुद्रणालाही अशीच तरतूद लागू.

• आयपीआरएस (१९६९): गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था. लेबल असो वा नसो, सदस्यत्व स्वतः घ्यावे लागते.

• कॉपीराइट किती काळ: ध्वनिमुद्रण, प्रकाशनानंतर ६० वर्षे. शब्द आणि चाल, गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.