बिनतारी यंत्राची शिदोरी

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून माणसें गाढ झोपलीं होतीं. हजारों जीव दगडमातीच्या भिंतींखालीं गेले. त्या संकटांत, सरकारी परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संदेश पाठविणाऱ्या हौशी चालकांनीं संदेशवहनाचें मोलाचें काम केलें. लातूर ज्या विभागांत मोडतें, त्याचें मुख्य ठाणें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद. तेथील एखाद्या चालकावर असा प्रसंग आला, तर पिशवींत कोणती बॅटरी घालून निघावें, हा प्रश्न केवळ छंदाचा उरत नाहीं.

बॅटरीचें माप ॲंपिअर-तासांत असतें. १० ॲंपिअर-तास म्हणजे १ ॲंपिअरचा प्रवाह सुमारें १० तास. १०० वॅटचें यंत्र बोलतांना सुमारें २० ॲंपिअर खातें व ऐकतांना १. ५ वॅटचें लहान यंत्र बोलतांना २ व ऐकतांना ०.३. तासांत १० मिनिटें बोलणें व बाकीचा वेळ ऐकणें धरल्यास १२ तासांत मोठ्या यंत्रास ५० ॲंपिअर-तास लागतात, लहानास अवघे ७.

परंतु बॅटरीवर छापलेला आंकडा सगळाच हातीं येत नाहीं. मोटारींत असते तशी शिसें व आम्ल यांची बॅटरी स्वस्त व सर्वत्र मिळणारी खरी. पण ती वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते, आणि उतरत्या दाबानें यंत्र अडखळूं लागतें. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी महाग; मात्र तिचा चार-पंचमांश सांठा खुशाल वापरतां येतो व दाब बहुतेक अखेरपर्यंत टिकतो. संपतांना ती एकाएकी बंद पडते, म्हणून तासांचा हिशेब लिहून ठेवावा लागतो.

तेव्हां मोठ्या यंत्रास शिशाची १०० ॲंपिअर-तासांची, सुमारें ३० किलोंची बॅटरी हवी. लहानास लिथियमची १० ॲंपिअर-तासांची, दीड किलोच्या आसपासची पुरते. पायीं जावें लागणाऱ्यानें प्रथम यंत्राची भूक कमी करावी, मग बॅटरी निवडावी.

निवडलेली बॅटरी उन्हाळ्यांत पत्र्याखालीं तापूं देऊं नये; दर महिन्यास यंत्र जोडून तासभर चालवून पाहावी व पुन्हां भरून ठेवावी. पहाटे चार वाजतां वीज गेलेली असते आणि सूर्य उगवलेला नसतो. त्या वेळीं आधीं भरून ठेवलेली शिदोरीच उपयोगीं पडते.