काट्यावरचा आंबा खरं बोलतो का?

आज विषय आंब्याचा, पण खायचा नाही, मोजायचा.

झालं असं, की बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. दोन हापूस, दोन काटे. एकावर २२० ग्रॅम, दुसऱ्यावर २९०. खाली लिहिलेलं, 'आमचं औषध फवारा, फरक बघा.' बाबा ऑर्डर द्यायच्या बेतात होते. मी कृषी महाविद्यालयात शिकते, म्हणून विचारलं, "काय गो, घेऊया का?"

मी म्हटलं, "बाबा, हे दोन आंबे निवडले कोणी?"

हा प्रश्न मला माझ्याच चुकीतून सुचला. पहिल्या प्रात्यक्षिकात मी हाताला येतील ते, दिसायला छान असे दहा आंबे तोडले आणि सरासरी काढली. सरांनी वही परत दिली. झाडाच्या चारही बाजूंची, वरची-खालची, उन्हातली-सावलीतली फळं घ्यायची, आणि तीही आपल्या आवडीने नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. शिवाय एकाच कलमाचे शंभर आंबे मोजले, तरी माहिती एकाच कलमाची मिळते. म्हणून प्रयोगात फवारलेली अनेक झाडं आणि न फवारलेली अनेक झाडं लागतात, एकाच वयाची, एकाच जमिनीतली.

आणखी एक गंमत. झाडावर फळं कमी धरली, की उरलेली मोठी होतात. म्हणजे एका आंब्याचं वजन वाढलं, तरी झाडाचं एकूण उत्पन्न घटलेलं असू शकतं! म्हणून फळांची संख्या आणि झाडाचं एकूण वजन दोन्ही लिहायचं.

बरं, वजन म्हणजे तरी कशाचं? समजा आंबा २५० ग्रॅमचा. साल ४० ग्रॅम, कोय ४० ग्रॅम, तर गर उरला १७०, म्हणजे ६८ टक्के. आंबा जड झाला, पण फक्त कोयच वाढली, तर खाणाऱ्याला काय मिळालं?

आता गोडी. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र असतं. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे आणि आकडा वाचायचा. तो ब्रिक्समध्ये येतो. १ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर. पण रसात आम्लं आणि इतर विरघळलेले पदार्थही असतात, तेही त्या आकड्यात धरले जातात. त्यामुळे आम्लता वेगळी मोजतात. रसात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचं. दोन आंबे १८ ब्रिक्सचे, पण एकाची आम्लता ०.३ टक्के आणि दुसऱ्याची ०.६, तर जिभेला दोन्ही वेगळेच लागणार. आणि तुलना करायची तर दोन्ही सारखेच पिकलेले हवेत, कारण अढीत पिकताना पिष्टाची साखर होते.

हापूसचं एक दुखणं तर कुठल्याच काट्यावर दिसत नाही: साका. वरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. म्हणून संशोधनात फळं कापून साक्याचं प्रमाणही नोंदवतात. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना' जातीचं कौतुक होतं, त्याचं एक कारण हेच, तिच्यात साका होत नाही.

मग बाबांनी विक्रेत्याला तीन प्रश्न पाठवले. किती झाडं? फळं कशी निवडली? झाडाचं एकूण वजन किती? उत्तरात पुन्हा तोच फोटो आला.

बाबांनी ऑर्डर दिली, पण एकाच बाटलीची. पाच कलमं फवारायची, पाच तशीच ठेवायची, आणि कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दहा झाडं म्हणजे छोटाच प्रयोग, पण दोन आंब्यांपेक्षा बरा. काटा मी धरणार, वही बाबा.

तुमच्या घरच्या ग्रुपवर असा फोटो आलाय का? आला असेल, तर हे तीन प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!