गळतीचा हिशेब

संपादकांचा निरोप मोघम होता: वर्षानुवर्षं चालणाऱ्या आरोग्य-अभ्यासांवर काहीतरी लिहा. त्याच माणसांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत ब्रिटनचा १९४६ सालचा अभ्यास फार जुना आणि नावाजलेला, म्हणून वाचनाला तिथून सुरुवात केली. पण त्यातल्या निष्कर्षांपेक्षा मला जास्त खिळवून ठेवलं ते त्यातून गेलेल्या माणसांच्या हिशेबाने.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. घसरत्या जन्मदराची चिंता होती आणि बाळंतपणाचा खर्च लोकांना झेपतो का, हे पाहायचं होतं. डॉ. जेम्स डग्लस यांच्या देखरेखीखाली मार्च १९४६ मधला एक आठवडा निवडला गेला. त्या आठवड्यात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये बाळंत झालेल्या १३,६८७ आयांकडून माहिती गोळा केली गेली. बाळंतपणात वेदना कमी करायला काही दिलं का, इथपासून बाबागाडीला किती पैसे पडले, इथपर्यंत प्रश्न होते. पुढच्या पाठपुराव्यासाठी त्यांतली ५,३६२ मुलं निवडली. ती शाळेत गेली, नोकरीला लागली, आजोबा-आजी झाली, आणि अभ्यास त्यांच्या मागोमाग चालत राहिला. लहानपणी कोळशाच्या धुरात वाढलेल्या मुलांना छातीचे आजार जास्त होतात, हे दाखवून देणाऱ्या सुरुवातीच्या कामांत याची गणना होते. आज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून तो चालवला जातो.

या सगळ्या यंत्रणेतला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे वाढदिवसाचं शुभेच्छापत्र. मुलं १६ वर्षांची झाली तेव्हापासून, म्हणजे १९६२ पासून, दरवर्षी प्रत्येकाला एक पत्र जातं. वरवर पाहता हा निव्वळ सौजन्याचा भाग. पण ते चुकीच्या पत्त्यावर गेलं तर परत येतं, आणि परत आलेलं पाकीट सांगतं की हा माणूस घर बदलून गेला, आता शोधायला हवा. दहा वर्षांनी एकदम तपासणीला बोलवायला गेलं तर निम्मे पत्ते शिळे निघायचे. वर्षाच्या वर्षाला विचारपूस झाली की पत्ता फार तर एक वर्ष शिळा राहतो. शिवाय १९७१ पासून या सर्वांच्या नावांवर राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मध्यवर्ती नोंदवहीत खूण करून ठेवली आहे, म्हणजे कुणी वारलं की अभ्यासाला कळतं.

एवढं करूनही गळती होतेच. ही माणसं ६८-६९ वर्षांची झाली तेव्हा मांडलेला हिशेब असा: मूळच्या ५,३६२ पैकी ९५७ जण वारले होते. ६२० जणांनी 'आता पुरे' म्हणून कायमचं अंग काढून घेतलं होतं. ५७४ जण परदेशी राहत होते. ३९५ जणांचा पाच वर्षांहून अधिक काळ काहीच पत्ता नव्हता. राहिले २,८१६.

एकूण गळती २,५४६ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण हे चार गट एका माळेचे मणी नाहीत. वारलेल्या माणसाचा रक्तदाब 'नोंदवायचा राहिला' असं म्हणण्यात अर्थ नाही. तो रक्तदाब अस्तित्वातच नाही. परदेशी गेलेला बहुधा धडधाकट असतो. बेपत्ता आणि नकार देणारे यांच्याबद्दल मात्र बोट ठेवून काही सांगता येत नाही. टिकून राहिलेल्यांचा कल तेवढा दिसतो: कमी शिकलेले, लहानपणीच्या बुद्धिचाचण्यांत कमी गुण मिळालेले आणि आयुष्यभर धूम्रपान करणारे यांचं प्रमाण तपासणीच्या पुढच्या फेऱ्यांत घटत गेलं. म्हणजे उरलेल्यांची सरासरी काढली की मूळच्या सगळ्यांपेक्षा चित्र निरोगी दिसणार.

रिकामे रकाने असलेली माणसं सरळ वगळून टाकायची, हा सोपा मार्ग. पण दहा प्रश्नांपैकी प्रत्येकाला फक्त १० टक्के लोकांनी उत्तर दिलं नाही आणि एका प्रश्नाला उत्तर न देण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसला, तर दहाही उत्तरं पूर्ण असलेले जेमतेम ३५ टक्के उरतात. रिकाम्या जागी सरासरी भरली, तर माणसामाणसांतला फरकच पुसला जातो. मागच्या फेरीतला आकडा पुढे ओढला, तर ५३ व्या वर्षीचा रक्तदाब ६९ व्या वर्षी तसाच राहिला, असं मानावं लागतं.

१९७६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी या गोंधळाला शिस्त लावली. रकाना का रिकामा राहिला, हे आधी विचारा, असं त्यांचं सांगणं. रक्ताच्या नमुन्याची नळी वाटेत फुटली, तर तो योगायोग. त्याने निष्कर्ष वाकडा होत नाही. धूम्रपान करणारे जास्त गळाले, पण कोण धूम्रपान करत होतं हे जुन्या फेरीत नोंदलेलं आहे, तर त्या नोंदीच्या आधारे भरपाई करता येते. तिसरा प्रकार अवघड: गळण्याचं कारण त्या रिकाम्या रकान्यातच दडलेलं. स्मरणशक्तीच्या चाचणीला जो येत नाही, तो कदाचित स्मरणशक्ती ढळली म्हणूनच येत नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी आज मुख्यतः दोन हत्यारं वापरतात. एक म्हणजे वजन देणं. एखाद्या गटातला चारांपैकी एकच उरला असेल, तर त्याचं उत्तर चारदा मोजायचं. या अभ्यासाला ही युक्ती नवी नाही, कारण १९४६ मध्येच कामगारांच्या मुलांपैकी चारांत एक निवडलं गेलं होतं. दुसरं हत्यार म्हणजे रकाना एकदा न भरता, समजा, वीसदा भरणं. जुन्या नोंदींवरून दर वेळी थोडं वेगळं पण संभाव्य उत्तर काढायचं, वीस तक्ते वेगवेगळे तपासायचे आणि निष्कर्ष एकत्र करायचे. वीस उत्तरांतली तफावत म्हणजे आपल्या अज्ञानाचं माप. मला या पद्धतीचा प्रामाणिकपणा भावतो: ती अंदाजाला अंदाजच म्हणते.

खरी पंचाईत तिसऱ्या प्रकारात आहे. आपण दुसऱ्या प्रकारात आहोत की तिसऱ्या, हे हाती असलेल्या आकड्यांवरून कधीच सिद्ध होत नाही. त्यासाठी लागणारा पुरावा नेमका गेलेल्यांबरोबर गेलेला असतो. मग संशोधक उलट्या बाजूने विचारतात: न आलेल्यांची स्मरणशक्ती आपल्या अंदाजापेक्षा थोडी वाईट धरली तर? आणखी वाईट धरली तर? निष्कर्ष कुठे कोलमडतो? फार लवकर कोलमडला, तर तो जपून सांगावा. याच अभ्यासातल्या ५०२ जणांच्या मेंदूची छायाचित्रं सत्तरीच्या आसपास लंडनमध्ये काढली गेली. लंडनपर्यंत प्रवास करू शकणारा सत्तरीतला माणूस आधीच निवडून आलेला असतो. ही मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. विस्मरणाचा अभ्यास जिथे रंगात यायला हवा, तिथेच विसरणारे गळणार.

काही जागा तर पहिल्याच दिवसापासून रिकाम्या आहेत. त्या ५,३६२ मध्ये जुळी मुलं नाहीत, लग्नाबाहेर जन्मलेली मुलं नाहीत. पुढे ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेले भारतीयही त्यात असणं शक्य नाही. जे कधी मोजलेच गेले नाहीत, त्यांचा रकाना कुठलंही सूत्र भरणार नाही.

आपल्याकडे गळतीची काळजी वेगळ्या रूपात येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. दर महिन्याला घरी जाऊन बायकांच्या पाळीची तारीख लिहून घेतली जाई, म्हणून गर्भधारणा वेळेवर कळे. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, तरी इथल्या सडपातळ दिसणाऱ्या बाळांच्या अंगावर चरबी मात्र राखलेली, हे त्यातून पुढे आलं. पण ही बाळं मोठी होतात तेव्हा मुलगी सासरी जाते, मुलगा चाकण-भोसरीकडे कामाला जातो. इथे वाढदिवसाचं पत्र चालणार नाही. तिच्या माहेरच्यांशी बोलणं टिकवणारी, गावातली ओळखीची बाई लागते. सूत्रं दोन्हीकडे सारखीच, पण ती ज्या नोंदींवर उभी राहतात, त्या अशा ओळखीतूनच येतात.

तरीही ब्रिटनच्या अभ्यासातले ते ६२० जण उरतातच. त्यांचा पत्ता हरवलेला नाही, पण त्यांनी नाही म्हटलं आहे, आणि नाही म्हणण्याचा हक्क अशा अभ्यासाचा पाया आहे. त्यांच्या दारात पुन्हा जायचं नाही. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, पण हो म्हणालेल्या माणसांवरून त्यांचा अंदाज बांधायचा, आणि नाही म्हणणारा माणूस हो म्हणणाऱ्यासारखाच असतो, हे गृहीत धरलंय, असं निबंधात लिहून ठेवायचं.