इंजिन बदलले; कागदपत्रांचे काय?

वर्षानुवर्षे साथ देणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन एके दिवशी निकामी होते. दुरुस्तीचा खर्च ऐकून मालक चिंतेत पडतो. अशा वेळी गॅरेजमधून सल्ला मिळतो, ‘दुसरे इंजिन बसवू, गाडी नव्यासारखी पळेल.’ सल्ला सोयीचा असला तरी इंजिनाबरोबर त्यावर कोरलेला क्रमांकही बदलतो, याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

वाहनाची ओळख चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक या दोहोंवरून पटते. नोंदणी प्रमाणपत्र, विमापत्र आणि कर्ज घेतले असल्यास बँकेचे दस्तऐवज या तिन्हींत हे क्रमांक असतात. इंजिन बदलून नोंद तशीच ठेवली, तर रस्त्यावरील वाहन आणि कागदावरील वाहन यांचा मेळ राहत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ या संदर्भात महत्त्वाचे आहे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल या कलमान्वये करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे अन्य बनावटीचे वा अधिक क्षमतेचे इंजिन हौसेखातर बसविणे नियमबाह्य ठरते. मान्यताप्राप्त संच बसवून वाहन बॅटरीवर किंवा अन्य इंधनावर चालविण्यास मात्र विहित अटींवर मुभा आहे.

त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असल्यास प्रथम परिवहन कार्यालयाची संमती घेणे श्रेयस्कर. संमतीविना इंजिन बदलले गेले असल्यास १४ दिवसांच्या आत ते कळवून, नोंदणी प्रमाणपत्र विहित शुल्कासह सादर करून नवी नोंद करून घ्यावी लागते. अनधिकृत बदलासाठी कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुने इंजिन विकत घेताना विक्रीची पावती आणि मूळ वाहनाची कागदपत्रे अवश्य मागावीत. ते चोरीच्या वाहनाचे निघाल्यास खरेदीदारालाच पोलिसांना उत्तर द्यावे लागते.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. दुचाकीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. त्यासाठी ७५, १५० आणि ३५० घन सेंटीमीटर अशा मर्यादा आहेत. अपघातानंतर क्रमांक जुळले नाहीत, तर दावा रखडण्याची भीती असते.

कर्ज फिटेपर्यंत वाहन बँकेकडे तारण असते. म्हणून कर्जदाराने इंजिनाला हात लावण्यापूर्वी शाखेशी संपर्क साधून लेखी संमती घ्यावी. भाडेखरेदी करारावरील वाहनासाठी तर नोंदणीकृत मालकाची लेखी संमती कायद्यानेच आवश्यक आहे. जुन्या वाहनावर कर्ज देताना शाखेतील कर्मचाऱ्यांनीही दोन्ही क्रमांक प्रत्यक्ष वाहनावर पडताळून पाहावेत.

संमती, पावती, नोंद आणि विमा एवढी चार कामे वेळीच उरकली, तर पुढे वाहन विकताना वा दावा मागताना मालकाला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.