मंगल परिणय कोणी लावावा?

लग्न ठरले की मांडव, जेवणावळ, कपडेलत्ते यांची चर्चा महिनाभर चालते. विधी कोण लावणार, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतो आणि जो मोकळा असेल त्याला बोलावले जाते. भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील आपली मुले-मुली शिक्षण व नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस जातात. काहींचे जोडीदार वेगळ्या धर्माचे असतात. अशा वेळी दोन्ही घरांना आपला वाटेल असा विधिकर्ता कसा निवडावा?

भटजीविना लग्न ही पुण्याला नवी गोष्ट नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट व राधा यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. या पद्धतीत वधू-वर स्वतःच एकमेकांना वचन देतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही डिसेंबर 1956 मधील एका पत्रात बौद्ध विवाहविधी अगदी साधा सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही; पांढरी वस्त्रे, पाण्याने भरलेले मातीचे मडके, दोघांच्या हाती सुताची टोके आणि मंगलसुत्ताचे पठण. तात्पर्य, लग्न वधू-वरांच्या वचनाने होते, विधिकर्ता हा केवळ साहाय्यक.

भिक्खूंना विनयानुसार लग्न जुळविण्याची मनाई आहे. त्यांच्याकडून आशीर्वादपर गाथापठण घ्यावे. विधीसाठी प्रशिक्षित बौद्धाचार्य किंवा जाणकार उपासक योग्य.

आता कायदा. वधू-वर दोघे बौद्ध असतील, किंवा एक बौद्ध व एक हिंदू असेल, तर हिंदू विवाह अधिनियम 1955 लागू होतो. जोडीदार मुस्लिम वा ख्रिस्ती असेल आणि कोणालाच धर्म बदलायचा नसेल, तर विशेष विवाह अधिनियम 1954 आहे. त्यात जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्यांच्यासमोर 3 साक्षीदारांच्या उपस्थितीत विवाह होतो. त्यानंतर घरी दोन्ही कुटुंबांना रुचेल असा समारंभ खुशाल करावा.

केवळ दाखल्यावर मात्र विसंबू नये. हिंदू विवाह अधिनियमाखालील विवाहात विधी झालाच नसेल, तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. उलट, थाटात लग्न होऊन नोंदणी राहिली, तरी हाल होतात. बँकेत नोकरी करताना हे नेहमी दिसते. पती निधन पावल्यावर पत्नी काउंटरवर येते, नाव माहेरचे, खात्यावर नामनिर्देशन नाही आणि विवाहाचा दाखलाही नाही. दुःखाच्या दिवसांत तिला कागदांसाठी हेलपाटे घालावे लागतात. म्हणून 90 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करावी. त्या अर्जावर लग्न लावणाऱ्याचीही सही लागते.

तेव्हा विधिकर्त्यास सुपारी देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पाली गाथांचा अर्थ तो मराठीत सांगेल काय? वधू-वरांना वचने स्वतःच्या तोंडून म्हणू देईल काय? दुसऱ्या घराच्या श्रद्धेविषयी टीकेचा शब्द न काढता विधी पार पाडेल काय? नोंदणीच्या अर्जावर सही करील काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर त्याचे शिक्षण वा मान कितीही साधा असो, तोच योग्य.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या ताई-दादाचे लग्न ठरेल. तारखेबरोबरच हे प्रश्नही घरात मांडा. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. वचन आणि दाखला मात्र जन्मभर सोबत राहतात.