गॅलरीतली भाजी: ऐकीव काय, खरं काय

माणदेशातून, कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या माणसांनी लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचं बरंच काही आणलं. परसबाग तेवढी मागे राहिली. गावी मोरीच्या पाण्यावर शेवगा आणि अळू वाढायचं, छपरावर दुधीचा वेल असायचा. विहीर आटली तरी त्या सांडपाण्यावर घराला पाला मिळायचा. चाळीत मात्र तुळशीची कुंडी उरली आणि ‘भाजीला जमीन लागते’ असं सगळ्यांनी धरून टाकलं.

जमीन लागत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्याचं खत करून भाज्या आणि फळझाडं वाढवली. यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. रसवंतीवरची चिपाडं, वाळका पाला आणि कुजलेला ओला कचरा असला की माती नावापुरती पुरते. गिरगावातल्या जुन्या लाकडी गॅलऱ्यांना हे विशेष लागू, कारण ओल्या मातीचं वजन भलतंच होतं.

‘आमच्याकडे ऊन येत नाही,’ हेही अर्धंच खरं. टोमॅटो-वांग्याला रोजचं सहा तास ऊन हवं, तेव्हा त्यांचा नाद सोडा. मेथी, माठ, पुदिना, कांद्याची पात तीन-चार तासांत भागवतात.

आता सर्वांत घट्ट बसलेला समज: रक्त वाढवायचं तर पालक. 100 ग्रॅम पालकात लोह सुमारे 3 मिलिग्रॅम असतं. माठात आणि शेवग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास. कॅल्शियममध्ये तर हे दोघे पालकाच्या कितीतरी पुढे. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला टाकून देतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. भाजीतलं लोह शरीर मुळातच थोडं शोषतं. वरून लिंबू पिळलं तर ते अधिक लागू पडतं, जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. भाजी उकडून पाणी ओतून दिलं की क जीवनसत्त्वाचा मोठा भाग मोरीत जातो. आणि गरोदर बाईची लोहाची गोळी कोणत्याही भाजीसाठी बंद करू नका.

घरची म्हणजे निर्धोक, असंही नाही. रंगाच्या जुन्या डब्यात भाजी लावू नये. रंगातलं शिसं मातीत उतरू शकतं. गावी अंघोळीचं पाणी शेवग्याला चालतं, कारण साबणाचे क्षार मोकळ्या जमिनीत पसरतात. कुंडीत ते साठतात. कुंडीला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी द्या. नळाला ठरावीक वेळच पाणी येणाऱ्या घरात ते रोज हाताशी असतंच. कुंडीखालची ताटली मात्र आठवड्यातून एकदा तरी कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

एवढं करून चार कुंड्यांवर घर चालेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत माणशी रोज सुमारे 100 ग्रॅम पालेभाजी येते. चौघांच्या घराला गॅलरी तेवढी देणार नाही, आणि डाळ, दूध, अंडी यांची जागाही घेणार नाही. पण दादरच्या बाजारात जाणं जमलं नाही त्या दिवशी ताटात पाला पडतो, तोही तोडल्यावर अर्ध्या तासात.

बाजारात वाळूतली समुद्रमेथी इवल्या जुड्यांत मिळते, ती कोवळी असतानाच उपटलेली मेथीच असते. डब्यातले मूठभर मेथीदाणे आज रात्री भिजत घाला आणि उद्या तळाला भोकं पाडलेल्या पसरट ट्रेमध्ये पेरा. दोनेक आठवड्यांत भाजी हातात येईल.